कोणतं पठार?

प्रा. कानवडे सरांची आणि माझी प्रत्यक्ष ओळख माझे यजमान गेल्यानंतरची. यजमान संगमनेरच्या महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागात, सरांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक होते. तेरावे झाल्यावर मी वर्तमानपत्रात दाबलेले एक वाळके फूल घेऊन सरांकडे गेले. सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, मला समजत नाही. पण मला सर असेच माहीत आहेत.

यजमानांनी आणलेले ते शेवटचे फूल. ते नाव लागून कॉलेजच्या संग्रहात जावे, एवढीच माझी इच्छा होती.

सरांनी भिंगातून पाहिले. "गेंद आहे, वहिनी. पाणथळ जागेतला. पण कोवळा आहे, बी भरलेलं नाही. बी पाहिल्याशिवाय याची जात सांगता येत नाही. जिथून आणला, तिथलाच पिकलेला हवा. गंगाधरराव कुठं गेले होते?"

"पठारावर." फुलासोबतच्या त्यांच्या चिठ्ठीवरही तेवढेच लिहिले होते.

"कोणत्या?"

आमच्या घरी पठार म्हणजे तालुक्यातला कोरडवाहू पठार भाग. सरांच्या विभागात पठार म्हणजे शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरावरचा कातळ. यजमान घरचेही आणि विभागातलेही; त्यांनी कोणते पठार लिहिले, कसे कळावे? कधी वाटते, डबा नेला होता, म्हणजे लांब गेले असतील. पण डबा मी रोजच देत असे.

एकदा मी म्हणाले, "सर, तुम्हाला वाटतं ते नाव लिहून टाका ना. कोण बघतंय?"

"गंगाधरराव बघायचे. दोनदा माझी चुकलेली लेबलं त्यांनी परत आणून दिली होती."

मला राग आला की बरे वाटले, अजून सांगता येत नाही.

गेल्या भाद्रपदात सर स्वतः मला पठार भागात घेऊन गेले. पाझर तलावाच्या कडेला चिखलात गुडघे टेकून बसले. शेळ्या वळणाऱ्या एक बाई थांबल्या.

"काय हरावलं, बाबा?"

"एका फुलाचं नाव."

"आन् ते चिखलात घावतंय व्हय? उठा, न्हाईतर तुमालाच उचलाया मानसं बोलवावी लागतील!"

सर मोठ्याने हसले. उठले मात्र नाहीत. अर्ध्या तासाने एक गेंद मिळाला. भिंग लावून म्हणाले, "हा त्याचा भाऊबंद. तो नव्हे."

यंदा अकोल्याची बाजू पाहायची आहे. तिथेही नाही मिळाला तर पुन्हा पठार भाग, असे सर म्हणतात. सरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. हे मागताना त्यात माझा स्वार्थ किती, मला कळत नाही; पण ते लेबल दुसऱ्या कुणाच्या अक्षरात मला नको आहे.