दहिसर ते वर्सोवा: अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर आणि आई

अंधेरीला जायचं आईने ठरवलं. फिरायला नाही. ज्या सोसायटीचे जिने आणि गेट ती वर्षानुवर्षं धुवायची, तिथे तिच्या जागी आलेल्या रेखाला एक गोष्ट सांगायची होती. मागच्या वर्षी तिथल्याच एका फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये डाग निघेना, म्हणून आईने आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि वर अ‍ॅसिड ओतलं. त्या वाफेने गुदमरलेली आई हॉस्पिटलमधून घरी आली, पण श्वास पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

वर्सोव्याकडे जाणार असाल तर मेट्रो बरी. दहिसर पूर्वेला बसा, अंधेरी पश्चिमेला उतरा. तीस-चाळीस रुपयांत काम होतं आणि लिफ्ट असते. जिना चढवत नाही अशा माणसासोबत असाल तर तेच महत्त्वाचं. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा, बसायला मिळतं.

मी एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. गाडीत आईने विचारलं, “लिंबूपण अ‍ॅसिडच ना गं? त्याने कुठे काय होतं?”

“ते सौम्य असतं. खाण्याच्या सोड्यावर पिळलं की फसफसतं. त्या गॅसने ढोकळा फुगतो. ब्लीचिंग पावडरमध्ये मात्र क्लोरीन असतो. अ‍ॅसिड पडलं की तो सुटतो.”

“पाण्याच्या टाकीत टाकतात तोच?”

“तोच. टाकीत चिमूटभर असला तर औषध. बंद बाथरूममध्ये विष.”

“डब्यावर लिहिलं असेल ना तसं?”

“असेल. इंग्रजीत.”

सोसायटीत सेक्रेटरींनी आम्हाला लॉबीतच उभं केलं. “मावशी, झालं ते झालं. आता कशाला वातावरण बिघडवायचं?”

“फक्त त्या दोन वस्तू वेगळ्या ठेवा,” आई म्हणाली.

“बघतो,” म्हणत ते फोनवर बोलायला लागले.

जिन्याखालचं कपाट उघडं होतं. अ‍ॅसिडची बाटली आणि पावडरचा डबा एकमेकांना चिकटून ठेवलेले. तिथेच बादली भरत असलेली रेखा तिशीची, जालन्याकडची. तिने आईचं सगळं ऐकून घेतलं. “मला कुणी सांगितलंच नाही. त्या जुन्या बाई आजारी पडल्या, एवढंच म्हणाले.”

मी म्हटलं, “फरशीवरचे पांढरट डाग पाण्यातल्या क्षारांचे असतात. त्यांना एकटं अ‍ॅसिड पुरतं, तेही पाण्यात पातळ करून, खिडकी उघडून. पावडर त्या दिवशी हातात घ्यायचीच नाही.”

“आठव्या मजल्यावरच्या मॅडम दोन्ही टाक म्हणतात. डाग दिसला तर उद्यापासून येऊ नको म्हणतात.”

“जीव जाईल तुझा,” आई म्हणाली.

“काम गेलं तरी तेच होणार, मावशी.”

रेखाने डबा उचलून कपाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि बादली घेऊन वर गेली.

तिथून रिक्षाने वर्सोवा. जेवण जेट्टीच्या अलीकडे करा, बोंबील ताजे मिळतात. वाळत घातलेल्या मासळीजवळ एक कोळीण मीठ चोळत बसली होती. मीठ मासळीतलं पाणी ओढून घेतं म्हणून ती सडत नाही, असं मी सांगायला लागले.

“पुरे गं आता तुझं शास्त्र,” आई म्हणाली.

खाडीपलीकडच्या मढला बोटीने जायचं होतं. धक्क्यापर्यंत चालतानाच तिला धाप लागली. एका उलट्या होडीला टेकून तिने समोरून बोट सुटताना पाहिली, आणि आम्ही मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“मावशी, गेटवर तुमचं नाव लावलंय. आत सोडायचं नाही म्हणून. कपाटाला कुलूप घातलंय, चावी आठव्या मजल्यावरच्या मॅडमकडे.”

“आणि आतलं सामान?”

“सगळं तसंच आहे.”

वर्सोवा छान आहे, जरूर जा. मला मात्र त्या दिवसातलं कपाट तेवढं दिसत राहतं, आणि त्यातल्या दोन वस्तूंमधलं हातभर अंतर. तेही आता राहिलंय की नाही, कोण जाणे.

फोन ठेवण्याआधी आई वॉचमनला म्हणाली, “इतकी वर्षं ते गेट मीच धुतलं रे.”

मग तिने रेखाचा नंबर मागितला. तो म्हणाला, द्यायला मनाई आहे.