कोरड्या तलावातला महोत्सव

शहरातल्या सर्वांत मोठ्या संगीत महोत्सवाच्या संस्थापकांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि हे ते कुणापासून लपवतही नव्हते. ते पोहण्याच्या सार्वजनिक तलावाचे व्यवस्थापक होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून लोक त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. घरातला रेडिओ बातम्यांपुरता लागायचा. बातम्या संपून गाणं सुरू झालं की मास्तर उठून तो बंद करायचे. गाण्यावर राग नव्हता. बातम्या संपल्या, एवढंच.

मग बायकोचा थोरला भाऊ चार दिवस राहायला म्हणून आला आणि राहिला. तो जहाजावरच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. जहाजवाल्यांनी बँड बंद करून त्या जागी टेबल टेनिस ठेवलं होतं. मेहुणा स्वभावाने गरीब. पानात पडेल ते खायचा, अंथरुणाची घडी स्वतः घालायचा. पण सकाळी चहा झाला की ट्रम्पेट काढायचा. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून ती सकाळी झोपायची, म्हणजे तसा प्रयत्न करायची. ती भांडली नाही. एक दिवस दारात येऊन नुसती उभी राहिली. तिचे डोळे पाहून मास्तरांच्या बायकोनेच विषय काढला.

"दादाला वाजवायला कुठेतरी जागा बघा."

"कुठे?"

"तुमचा तलाव रिकामाच आहे ना सध्या?"

तलाव खरंच रिकामा होता. वर्षातून एकदा सगळं पाणी काढून फरश्यांच्या फटी भरायचं काम चालायचं. मास्तरांनी मेहुण्याला शिडीने खोल भागात उतरवलं, "फरशी ओली आहे, जपून," एवढं सांगितलं आणि ते ऑफिसात निघून गेले.

पहिला सूर निघाला आणि परत आला. निळ्या फरश्यांवर फिरून, गेला होता त्यापेक्षा भरदार होऊन आला. मेहुण्याने थांबून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने पुन्हा वाजवलं. फटी भरणारा गवंडी थापी बाजूला ठेवून मांडी घालून बसला. समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. आता तक्रारी येणार म्हणून मास्तर फाटकाशी जाऊन उभे राहिले. पहिली तक्रार समोरच्या शिंप्याची होती.

"मध्येच का थांबला तो?"

"पाणी प्यायला असेल."

"मग लवकर पी म्हणावं."

तलाव भरल्यावर मेहुण्याची रवानगी पंपाच्या खोलीत झाली. वर्षभर तो तिथे दार लावून वाजवायचा. नर्सच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली.

पुढच्या वर्षी तलाव रिकामा झाला तेव्हा शिंपी अ‍ॅकॉर्डियन घेऊन हजर. विचारायची पद्धत वगैरे त्याने पाळली नाही. गवंड्याची बायको सुरेख गाते, हे गवंड्याने वर्षभर पोटात ठेवलं होतं. तेही बाहेर आलं. मग कुणीतरी चेलो आणला, माणसाएवढ्या व्हायोलिनसारखा, तो दोरीने खाली सोडावा लागला. ऐकणारे उथळ भागाच्या उतारावर बसत. मास्तरांनी तलावाचेच नियम चालू ठेवले, कारण दुसरे त्यांना माहीत नव्हते. चपला-बूट बाहेर. धावायचं नाही. शेजारच्याला ढकलायचं नाही. वेळ संपला की शिट्टी.

एकदा एक नामांकित गायक डोळे मिटून आळवत असताना मास्तरांनी शिट्टी फुंकली. गायकाने डोळे उघडले.

"वर या," मास्तर म्हणाले, "पुढची तुकडी थांबलीय."

गायक निमूटपणे शिडी चढला. पुढच्या वर्षी तो आपणहून पुन्हा आला, आणि या खेपेला शिट्टीच्या आधीच आटोपलं.

होता होता बाहेरगावचे लोक येऊ लागले. समिती झाली, समितीला अध्यक्ष आले. एका पत्रकार बाईंनी मास्तरांना गाठलं.

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

"घरात जागा नव्हती."

बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या, मास्तर पुढच्या प्रश्नाची. पेपरात 'द्रष्टे संस्थापक' असं छापून आलं. बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

दर वर्षी सुरुवात मेहुणा करायचा. एका वर्षी त्याचे पुढचे दात गेले. कवळी बसली, जेवण सुधारलं, पण ट्रम्पेटला ओठ लावले की कवळी हलायची आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची. त्याने ट्रम्पेटची पेटी कपाटावर टाकली आणि मास्तरांबरोबर बातम्या ऐकायला लागला.

मास्तर समितीसमोर गेले. "यंदा राहू द्या. फटी भरू आणि पाणी सोडू."

"मास्तर, महोत्सव असा कुणा एकट्याचा नसतो," अध्यक्ष म्हणाले.

"हा होता," मास्तर म्हणाले आणि घरी आले.

मेहुणा गॅलरीत पेपर वाचत होता.

"यंदा नको म्हणून सांगून आलो," मास्तर म्हणाले.

"का?"

"तुम्ही नाही वाजवणार ना."

मेहुण्याने पेपरची घडी घातली. "तुम्हाला आवडायचं माझं वाजवणं?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. मनातलं बोलायचीही नव्हती. त्यामुळे वेळ लागला.

"चांगलं-वाईट मला कळत नाही. पण तुम्ही पंपाच्या खोलीत वाजवायचात, तेव्हा मी बाहेरून दाराला पाठ टेकून उभा राहायचो."

"मला वाटायचं, तुम्ही पंपावर लक्ष ठेवताय."

"आधी तेच करायचो."

"मग?"

"दार थरथरायचं. बरं वाटायचं पाठीला."

मेहुणा गॅलरीच्या कठड्याचा गंज नखाने खरवडू लागला. मग त्याने विचारलं, "माझ्या जागी कुणाला घातलंय?"

"शिंप्याला. समितीने माझं ऐकलं नाही, आधीच ठरवलंय."

"सुरुवातीला शिंपी? तो पहिल्या गाण्यात लय सोडून पळतो. गवंड्याच्या बायकोला घ्या, ती घाबरत नाही."

"मला नका सांगू, मला त्यातलं कळत नाही. तुम्ही या आणि तिथे सांगा."

मेहुणा गेला. खोल भागात एक खुर्ची टाकून बसला आणि कुणी कधी गायचं, कुणी कुठे उभं राहायचं, ते सांगू लागला. शिंपी रुसला, पण आला. गवंड्याच्या बायकोने पहिला सूर लावला तेव्हा मेहुण्याने मान हलवली, आणि तिचं गाणं संपेपर्यंत रुमाल नाकाला लावून बसला. सर्दी झाली होती, असं त्याने नंतर सांगितलं. मास्तरांनी ते मान्य केलं.

त्यानंतर हे असंच चालू राहिलं. महोत्सव संपला की नळ सुरू करून दोघं पँटचे पाय दुमडून काठावर बसायचे, पाणी चढायची वाट पाहत.

"त्या चेलोवाल्या बाईंना पुढच्या वर्षी शेवटी ठेवू," मेहुणा एकदा म्हणाला.

"बरं."

"का ते विचारत नाही तुम्ही."

"विचारलं तर कळेल का मला?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

पाणी उथळ भागापर्यंत आलं होतं. मास्तर उठले, नळ थोडा कमी करून आले आणि पुन्हा काठावर बसले.