अंगठा लागत नाही

नोव्हेंबर लागला की दारव्ह्याला आमच्या कॉलनीतली निवृत्त माणसं भेटल्यावर एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "झाला का दाखला?" एवढंच विचारतात. दाखला म्हणजे हयातीचा. आपण जिवंत आहोत हे आम्हा पेन्शनवाल्यांना दरवर्षी सिद्ध करावं लागतं. नाही केलं तर पेन्शन थांबते.

तुम्ही नातवंडांनी मला काढून दिलेल्या ब्लॉगवर मी दिवाळीआधीच लिहून ठेवलं होतं की दाखला महिन्याच्या सुरुवातीलाच द्यावा, कागद एका पिशवीत ठेवावेत आणि पिशवी दाराजवळ टांगावी. माझ्या ब्लॉगवर असतंच काय? महिन्याचा खर्च कसा बांधावा, ठेवीला वारस कसा लावावा, आणि मधूनमधून गोधडीचे टाके. वाचणारे बहुतेक माझ्यासारखेच निवृत्त शिक्षक. लिहिल्याप्रमाणे मी स्वतःही वागले. पिशवी घेऊन सकाळीच बस स्टँडजवळच्या सेवा केंद्रात गेले. आजवर बँकेत यादीवर सही केली की काम व्हायचं. यंदा बँकेतल्या बाईंनी सांगितलं, आता मशीनवरच करून घ्या.

केंद्र म्हणजे मोटार वायंडिंगच्या दुकानाचा अर्धा भाग. पलीकडे नवरा मोटारी दुरुस्त करतो, अलीकडे बायको कॉम्प्युटर चालवते. तिने माझा आधार नंबर टाकला आणि काचेवर अंगठा ठेवायला सांगितलं. लाल दिवा लागला.

"आंटी, जरा दाबून ठेवा."

दाबून ठेवला. पुन्हा लाल. मग डावा अंगठा. मग पदराला पुसून पुन्हा उजवा.

"नाई घेऊन राह्यलं. घिसून गेले तुमचे अंगठे. सुई चालवता का?"

"गोधडी शिवते. भांडीही घासते."

"मंग? हातायले आराम द्या, तेल लावा, अन् पुढच्या हप्त्यात या. आज गर्दी बी लय आहे."

मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "चला मॅडम, बाजूले व्हा. तुमी नाई राह्यल्या, मशीननं सांगतलं." सगळी रांग हसली. मीही हसले आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

माझी भीती नुसती पैशांची नव्हती, ती कशाची होती हे तुम्हाला सांगायला हवं. दिवाळीत तुमचे बाबा आले तेव्हा पुन्हा तोच विषय निघाला होता. "आई, आता एकटीनं कशाला? घर बंद करू, तू आमच्याकडे चल." मी म्हटलं, "माझी पेन्शन माझ्या हातात येतेय तोवर मी इथे. ज्या दिवशी तुझ्याकडे खर्चाला मागेन, त्या दिवशी घेऊन जा." त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. "ठरलं मग," म्हणाले. आणि आता एका काचेच्या तुकड्यामुळे तो दिवस दाराशी आला होता.

त्या आठवड्यात मी सुईला हात लावला नाही. तुमच्यातल्या धाकटीसाठी शिवायला घेतलेली गोधडी, तिच्याच लहानपणच्या फ्रॉकांची, अर्धीच शिवून झालेली, घडी करून ठेवली. पिवळ्या फ्रॉकच्या तुकड्यात सुई तशीच टोचलेली राहिली. भांड्यांना शेजारची बाई लावली. सकाळ-संध्याकाळ बोटांना खोबरेल. तुमच्या आजोबांचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग काढून मी उन्हात बसून अंगठा न्याहाळायची. ते जुनी तिकिटं दाखवताना म्हणायचे, शिक्का पुसट असला तर तिकीट कुठल्या गावाहून आलं ते कळत नाही. माझ्या अंगठ्यावर तसंच होतं. दोन-चार रेषा, त्याही मध्येच तुटलेल्या.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझी बोटं इतकी का चमकताहेत?" मी म्हटलं, थंडी पडलीय. मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "सगळं ठीक ना तिकडे?" मी घाईने गोधडीबद्दल विचारलं, किती लांब हवी म्हणून. ब्लॉगवर आर्णीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, "मॅडम, तुमचा तर झालाच असेल." ते वाचून मी पुन्हा खोबरेलाची बाटली उघडली.

पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हा रांगेत माझ्या पुढे एक ओळखीची म्हातारी होती. फार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग चालायचा. दिवसभर कापूस वेचून बायका यायच्या आणि मी त्यांना सही शिकवायची. ही त्यातली सर्वांत खोडकर. आता निराधार योजनेच्या पैशांसाठी आली होती. मला पाहताच तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काय वो बाई! अंगठा लावाले आल्या?"

"आले बाई."

"तुमीच तं सांगे, अंगठा लावू नोका, सही करा. मी बोटं मोडून मोडून सही शिकली. आता सही कोनी इचारत नाई, अन् तुमीच लाइनीत!"

सगळे माझ्याकडे बघत होते. "सही फुकट नाही गेली तुझी," मी म्हटलं.

"फुकट काहून जाईन? सुनेच्या चिठ्ठ्या वाचतो ना मी."

माझा नंबर आला. उजवा अंगठा लाल, डावाही लाल. तर्जनी लाल. मधलं बोट लावलं, मग अनामिका, मग डाव्या हाताची तीच बोटं, सगळी लाल. केंद्रातली बाई खुर्चीत मागे टेकली. "आंटी, आता काय करू सांगा." पलीकडे मोटार घरघरत होती, आणि मला तुमच्या बाबांचं "ठरलं मग" ऐकू येत होतं. हा महिना गेला की पेन्शन थांबेल, मग फोन करावा लागेल, मग कुलूप.

म्हातारी तिथेच बाकावर बसली होती. ती म्हणाली, "बाईची करंगळी लावून पाहा ना वं. थे तं जलमभर हवेतच होती."

"म्हंजे?"

"अवो, फळ्यावर लिवताना बाई अशी करंगळी वर करत." तिने हात हवेत धरून करंगळी ताठ केली. "आमी घरी जाऊन सासूले करून दाखवो. हसून हसून मरो."

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण खरं आहे. खडू धरताना करंगळी वर, सुई धरतानाही वर. केंद्रातली बाई म्हणाली, "लावा, तेवढीच राह्यली." मी करंगळी काचेवर टेकवली. यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होतं. मग हिरवा दिवा लागला.

"झाल्या जित्त्या!" म्हातारी ओरडली. मी तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसले. तिनेच पाणी आणून दिलं.

घरी येऊन आधी ब्लॉगवर दुरुस्ती लिहिली: अंगठा लागला नाही तर घाबरू नये, दहाही बोटं लावून पाहावीत. मुख्याध्यापकांनाही कळवलं. मग गोधडी उघडली आणि पिवळ्या फ्रॉकातली सुई पुढे चालू केली. महिनाअखेर गोधडी पोस्टाने निघेल.

हे तुमच्या बाबांना सांगितलंत तरी चालेल. फक्त सुरुवात शेवटापासून करा, दाखला झाला इथून. पुढच्या नोव्हेंबरात काय होईल ते मला माहीत नाही आणि त्याची काळजी मी आत्तापासूनच करते आहे. भांड्यांना लावलेली बाई मी काढली नाही. आणि एखादी वाटी स्वतः विसळायची झालीच, तर करंगळी पाण्याबाहेर धरते.