तीन डब्या आणि एक शिट्टी

वाळूजच्या, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये पुंजाराम गाडेकर एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होता आणि त्याला स्वतःच्या कानाचा जरा जास्तच अभिमान होता. त्याला कारणही होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो चालू मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. बारीक शिट्टी आली तर बेअरिंग जाणार. नुसती घरघर असली तर वर्षभर चिंता नाही. इंजिनिअर मीटर लावून आकडे लिहायचे आणि शेवटी त्याच्याच तोंडाकडं बघायचे. कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायची, ते मात्र त्यानं कधी घातले नाहीत. ज्याची भाकरी कानावर, त्यानंच कान बुजवून मशीनपुढं उभं राहायचं, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. बोळ्यांची पाकिटं लॉकरमध्ये साठत गेली.

मागच्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली. त्यानं 'चांगलंय' म्हणून सोडलेलं कॉम्प्रेसरचं बेअरिंग दोन दिवसांत जाम झालं. मालच डुप्लिकेट असणार, असं सगळे म्हणाले. पुंजारामही तेच म्हणाला आणि विषय संपला.

आज पहिली पाळी सुटताना करुणा दारातच आडवी आली. करुणा म्हणजे दोन वर्षांपूर्वी आयटीआय करून आलेली फिटर, पोरगी हुशार आणि बोलायला फटकळ. मोठ्या प्रेसच्या हायड्रॉलिक पंपाच्या मोटरला शिट्टी येतीय, असं तिचं म्हणणं होतं. पुंजारामनं स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला. त्याला काहीच आलं नाही. ती म्हणाली, येतीय. हा म्हणाला, नाही. सुपरवायझरनं दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की लाईन उगाच बंद करायची नाही, पुंजाराम सांगेल तसं करू. मग करुणानं मोबाईलमध्ये तो आवाज भरला आणि त्याला पाठवला. शांतपणे ऐका आणि सांगा, म्हणाली. दुसऱ्या पाळीत मोटर चालूच राहणार होती आणि करुणा ओव्हरटाईमला थांबणार होती. मोटर चालू असताना जाम झाली तर तिच्याजवळ करुणाच उभी असणार होती.

कंपनीच्या बसमध्ये त्यानं फोन कानाला लावून तीनदा ऐकलं. नुसती घरघर. फोनचा स्पीकरच भिकार, दुसरं काय? म्हणून तो घरी न जाता रिक्षानं गुलमंडीला उतरला आणि पैठण गेटच्या रस्त्यावरच्या याह्याभाईंच्या मोबाईलच्या दुकानात शिरला. याह्याभाई नमाजला गेले होते. काऊंटरवर त्यांची लेक उजमा होती.

कानात घालायचे चांगले इअरफोन पाहिजेत, असं त्यानं सांगितलं. तिनं तीन डब्या पुढं ठेवल्या आणि पुंजारामच्या डोक्याचा भुगा सुरू झाला. तिन्ही काळे, तिन्हींची वायर सारखी, नावात एखाद्या आकड्याचा फरक. एकावर बास जास्त, दुसऱ्यावर आवाज साफ, तिसऱ्यावर दोन्ही. मग तिसराच घ्यावा ना, तर उजमा म्हणाली, पहिल्याला मागणी जास्त आहे. वर प्रत्येकात रबराची तीन-तीन मापं. लहान रबर गळून पडायचं, मोठं आत जाईना. डावा-उजवा ओळखायला चष्मा लावावा लागला. नट-बोल्टसुद्धा इतकं छळत नाही, असं तो पुटपुटला.

गाणं कुठलं लावू, असं उजमानं विचारलं, तेव्हा त्यानं मोटरचा आवाज लावला. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

पहिला घातला, घरघर. दुसरा घातला, घरघर, जरा पातळ. तिसरा घातला आणि वाटलं, हाच बरा. पुन्हा पहिला घातला, तर तोही तसाच वाटला. त्यानं डावा उजवीकडं घातला, रबर बदललं, आवाज पूर्ण वाढवला. करुणा खोटं बोलणारी नव्हती. इअरफोनही तिन्ही खराब नसणार. मग भानगड कुठं होती? एवढ्याशा वस्तूपुढं आपण असे गोंधळून का गेलो, हेच त्याला कळेना.

"बारीक आवाज चांगला येतो असा कोणता हाय? ह्या तिन्हीत शिट्टी येतच नाय," तो शेवटी म्हणाला.

उजमानं इअरफोन स्वतःच्या कानात घातले. एक, मग दुसरा, मग तिसरा. "चाचा, शिट्टी तो तीनों में आरी," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसेना. म्हणून तिनं वायर काढली आणि आवाज फोनच्या स्पीकरवरच लावला. पुंजारामला तीच घरघर आली. पण पलीकडं मोबाईलची कव्हरं चाळत असलेल्या एका बाईनं मान वळवली. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली, "काय कुकरबिकर लागलाय का? कानात घुसतंय."

पुंजारामच्या डोक्यात मागच्या महिन्यातला कॉम्प्रेसर आला. कॉम्प्रेसरचं बेअरिंग डुप्लिकेट नव्हतं. त्याला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली. मग मोटर चालूच आहे हे आठवलं, तसा त्यानं तिथूनच करुणाला फोन लावला.

"मोटर बंद कर. सायबाला सांग, पुंजारामनं सांगितलं."

शिट्टी ऐकू आली ना, असं तिनं विचारलं. इअरफोन घ्यायला दुकानात आलोय, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "मला नाय आली. तुला आली ना? बास."

दुसऱ्या दिवशी बेअरिंग उघडलं. बाहेरच्या कड्याला गव्हाएवढा खड्डा पडला होता. सुपरवायझरनं सवयीनं पुंजारामच्या पाठीवर थाप मारली आणि कान असावा तर असा, म्हणाला. पुंजारामनं सगळ्यांदेखत सांगितलं, की हा कान करुणाचा आहे, माझा गेला.

मग त्यानं लॉकर उघडलं. लांब स्क्रू ड्रायव्हर काढून करुणाच्या हातात दिला आणि त्यावर नारिंगी बोळ्यांची पाकिटं ठेवली, ओंजळभर. ऐकायचं तेवढ्यापुरतेच काढायचे, बाकी पाळीभर कानात, असं त्यानं तिला बजावलं.

"आन् इअरफोन कोणता घेतला, काका?" तिनं विचारलं.

"कोणताच नाय," तो म्हणाला. "मला तिन्ही सारखेच."

त्यानं एक पाकीट फाडलं आणि उरल्यासुरल्या कानांत बोळे घालून तो प्रेसकडं गेला.