डोक्यावर पाय असलेली माशी

आमच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांमध्ये फळमाश्या पाळलेल्या असत. कुस्करलेल्या केळ्याचा आंबूस वास माझ्या साड्यांना इतका बसला होता की घरात सगळे नाक मुरडायचे. नागपूरच्या मे महिन्यात त्या माश्या जगवताना नाकी नऊ येत. माणसांचे हाल कोणी विचारत नसे, बाटल्या मात्र कूलरसमोर.

अशाच एका उन्हाळ्यात माझी थोरली बहीण सासरहून, म्हणजे कुहीहून, मुलाला घेऊन आमच्याकडे नंदनवनला आली. मुलाचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता, त्याचे ऑपरेशन ठरले होते. पोटुशी असताना तिने ग्रहणात वांगे कापले म्हणून असे झाले, हे तिच्या सासरी सगळ्यांना पाठ होते. ती स्वतःही तेच सांगायची आणि माझा संताप व्हायचा. हे खूळ तिच्या डोक्यातून काढायचेच, असे ठरवून मी एका दुपारी तिला प्रयोगशाळेत नेले.

सूक्ष्मदर्शकाखाली मी एक माशी ठेवली. तिच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवले होते. ताई बराच वेळ पाहत राहिली.

“इच्या डोक्यावर पाय काहून निघाले वं?”

मी सांगितले. माशीचे अंडे तांदळाच्या कणीहून बारीक. त्यात आधी डोके कुठे, शेपूट कुठे, ते ठरते. मग अंगाचे पट्टे पडतात, आणि कुठल्या पट्ट्याने काय व्हायचे ते जनुके ठरवतात. एखादे जनुक भलत्याच जागी कामाला लागले की मिशीऐवजी पाय येतो.

“इच्या मायनं काही कापलं नव्हतं, ताई. तुह्या पोराचं नेमकं काय झालं ते मले सांगता येत नाही. पण वांगं कापल्यानं ओठ फाटत नाही. घडण आतूनच होते.”

“आतून म्हंजे? रक्तातून?”

“तसंच समज.”

मला वाटले, आता तिच्या छातीवरचा दगड उतरेल. तिने पदर सावरला आणि दाराकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते.

“हे कुहीत कोणाले सांगू नको,” ती म्हणाली. “मी वांगं कापलंच नव्हतं. ग्रहण सुटेपर्यंत भिंतीले टेकून बसली होती. सासूनं विचारलं, त मी हो म्हटलं.”

“काहून?”

“नाही म्हटलं असतं, त आपल्या घराण्यातच खोट आहे म्हणाले असते. तुहं लगन जुळायचं होतं.”

माझ्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी त्या ओठाचा विषय काढलाच होता. ‘माझीच चूक, ग्रहणात विळी हाती घेतली,’ असे ताईने सगळ्यांदेखत सांगितले, पाहुण्यांचे समाधान झाले आणि सुपारी फुटली. नवी साडी नेसून मी आतल्या खोलीत बसले होते. मला सगळे ऐकू येत होते, आणि तिच्या अडाणीपणाची लाज वाटत होती.