अक्काचा क्लास, माझी चूल

चार बाया एका चुलीभोवती बसल्या की भाजी निवडून संपती, बोलणं संपत न्हाय. आमच्या कळंबच्या स्वयंपाकाच्या क्लासाचे किस्से असेच साठत गेले. मी सांगायला बसले की सुना म्हणत्यात, "आत्याबाई, तुम्ही अजून अक्कावर जळता!" जळते की! का न्हाय जळू?

निजामाचं राज्य होतं, तिकडं समुद्रापार मोठी लढाई चाललेली. धान्य सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायचं, साखर डोळ्याला दिसायची न्हाय, पोरं वाळत चाललेली. थोडक्यात पोटबी भरावं अन् अंगालाबी लागावं, असं रांधायला शिकवायचा क्लास म्या काढला. देवळाच्या ओवरीत, माझ्या घरच्या सरपणावर! मला काय पाहिजे होतं? एका तरी बाईनं म्हणावं, "हे मी कृष्णाबाईकडनं शिकले." बास, एवढंच.

तेवढ्यात लिंगायत वाण्याच्या घरची नवी सून सोलापूरहून आली. नीलाक्का. शिकलेली, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, बोलणं लई गोड. म्याच म्हणलं, "ये गं बाई मदतीला." ती आली अन् बघता बघता माझा क्लास 'अक्काचा क्लास' झाला!

*

म्या किती दिवस कानीकपाळी ओरडत होते, "बायांनो, भाजी उकडलेलं पाणी फेकू नका, सगळा कस त्यातच असतोय." कोण ऐकतंय! अक्कानं एकदाच सांगितलं, "त्यात व्हिटॅमिन असतात."

झालं! दुसऱ्या दिवशी शेजारची सोनाबाई भिंतीवरनं डोकावून मलाच म्हणती, "कृष्णाबाई, भाजीचं पाणी टाकू नका बरं का. अक्का म्हणत्यात!"

*

आता अंबाडीचं पाणी मात्र पिळून टाकावंच लागतंय, न्हायतर आंबट ढाण. तेवढं सांगायचं अक्का विसरली. बायांनी पाण्यासकट भाजी रटारटा शिजवली अन् कौतुकानं ओवरीत आणली.

अक्काच्या घरी दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नव्हतं. त्यामुळं ती चाखायची न्हाय, नुसता वास घेऊन "छान!" म्हणायची. तशीच म्हणाली. मग काय! बायांनी डोळे मिटून, गाल आवळून सगळी भाजी संपवली.

म्या सोनाबाईला विचारलं, "अगं, दात आंबले न्हाईत का?"

"आंबले की! व्हिटॅमिन लागत असतील!"

*

एकदा घरी हुलग्याचं पिठलं केलं. माझ्या आईनं शिकवलेलं, लग्नाआधीपासून येतंय मला. आमचे मालक भाकरीवर भाकरी खाऊन, ढेकर देऊन म्हणाले, "क्लासाचा फायदा दिसतोय. अक्कानं शिकवलं व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ताटात नुसती भाकर अन् मीठ वाढलं.

"हे काय?"

म्या म्हणलं, "हे अक्काचं न्हाय. हे खास माझं!"

*

तहसीलदारसाहेबांच्या बेगम क्लास बघायला येणार होत्या. म्या पहाटे उठून जवसाची चटणी कुटली, अशी खमंग की गल्ली दरवळली. बेगमसाहेबांनी भाकरीला लावून खाल्ली. "वाह! किसने बनाई?"

सगळ्या बाया एका सुरात, "अक्कानं!"

अक्का बिचारी दोन्ही हात हलवत म्हणाली, "नहीं नहीं, कृष्णाबाईने!"

बेगमसाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "कितनी शरीफ लडकी है! अपना नाम तक नहीं लेती!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, जरा पानी लाना."

*

आता हा ऐका. अक्काला दिवस गेले. पोटात काही ठरेना, पाणीसुद्धा उलटून पडायचं. पोरगी पार सुकली. क्लासातल्या बायांचा जीव खालीवर व्हायला लागला. माझाबी झाला, पण म्या कुणाला दाखवलं न्हाय.

तिची सासू लई कडक. जन्मात दुसऱ्याच्या घरचा पाण्याचा थेंब घेतलेला न्हाय. पण ती घाबरली. कुठनंतरी साखर पैदा करून शिरा केला, खीर केली. अक्का तोंड फिरवायची. शेवटी सासूनं विचारलं, "मग काय खावं वाटतंय गं माय?"

अक्का म्हणाली, "कृष्णाबाईच्या हातच्या कण्या. ताकातल्या."

सासूबाई माझ्या दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "कण्या कशा करता, तेवढं सांगा." म्या सगळं सांगितलं. ज्वारी कशी भरडायची, आच कितपत ठेवायची, ताक कधी घालायचं. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत दारात! तोंड उतरलेलं. "तुम्ही सांगितल्या तशाच केल्या. सुनेनं एक घास घेतला अन् ताट सारलं. म्हणती, ह्या त्या न्हाईत."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. सुनेला माझ्या कण्यांची चव कुठं कळली, हे त्यांनी विचारलं न्हाय.

पदराखालनं पातेलं काढलं, उंबरा ओलांडून आत आल्या अन् माझ्या चुलीपाशी ठेवलं.

"पातेलं आमचं. पाणी आमच्या आडाचं. ज्वारीबी आमचीच. हात तेवढा तुमचा लावा."