आधी जेवण्याचं व्रत

व्रतवैकल्यं करणाऱ्या चार बाया एकत्र बसल्या की देवाच्या गोष्टी लवकर संपतात आणि पोटाच्या सुरू होतात. नंदनवन वस्तीतल्या आमच्या शुक्रवारच्या भजनात हेच व्हायचं. आरती झाली की कोणी भिंतीला टेकून डोळे मिटायची, कोणी स्वतःचेच पाय दाबत बसायची, आणि एकेक किस्सा निघायचा. सत्तर-पंचाहत्तर सालच्या सुमारासचे आहेत हे. सांगणाऱ्या आता थकल्या, म्हणून लिहून ठेवते.

*

गोदावरीबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या. माहेर खाप्याचं, बोलणंही तिथलंच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, काही सुटायचं नाही. चालताना धाप लागते म्हणून दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाता काय? यांनी अभिमानानं उपवासाचंच सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा शिरा, तुपातला रताळ्याचा कीस, मधे केळी, झोपताना दूध.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देवाला विचारून दोन उपवास कमी करा. वजन आपोआप उतरेल!"

गोदावरीबाई त्या दवाखान्यावरून जाताना बरेच दिवस तोंड फिरवून जायच्या.

*

शेजारच्या विमलला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तिच्या घरी नवीन काहीही आलं की आधी देवापुढे ठेवायची रीत. तिनं गोळ्यांची पुडी ठेवली, संध्याकाळची आरती केली. आता देवापुढे ठेवलेलं एकटीनं कसं खायचं? सासऱ्यांना एक, दिराला एक, पोरांना एकेक, आरतीला आलेल्या भाडेकरूंनाही हातावर एकेक. महिन्याच्या गोळ्या एका आरतीत संपल्या.

ती पुन्हा गोळ्या मागायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घराचं रक्त वाढलं. आता तुमचं बघू."

*

मालती ही गोदावरीबाईंची सून. नववीतच लग्न झालेलं. तिला बाहेरून मॅट्रिकला बसायचं होतं, पुढे शाळेत शिकवायचं होतं. सासूनं परवानगी दिली, पण अट घालून. "एकडाव बस. नाई झाली पास, तर पुस्तकं कोणाले देऊन टाकजो."

पोर हुशार होती, पण पुस्तक उघडलं की पेंगायची. गोदावरीबाई भजनात सांगायच्या, तिच्या नशिबात विद्याच नाही, अक्षर पाहिलं की झोप येते. शेवटी मीच तिला दवाखान्यात घेऊन गेले.

"जेवणात काय असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उरेल ते."

"आणि काय उरतं?"

मालती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

*

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सोमवारी मालती पेंगत नसे. तिचा सोमवार असायचा, आणि उपवासाचं वेगळं शिजवून वेगळं झाकून ठेवतात, त्याला घरातलं कोणी हात लावत नाही. म्हणजे आठवड्यातून एकदाच तिला पोटभर मिळायचं, आणि तेही उपवासाच्या दिवशी!

एका शुक्रवारी आरती झाल्यावर मी सांगितलं, उद्यापासून अन्नपूर्णेचं व्रत धरते आहे. वरण, भाजी, पोळी आणि शेंगदाण्याचा लाडू देवीला दाखवायचा, आणि मग रांधणारीनं सगळ्यांच्या आधी जेवायला बसायचं. मालतीचा निकाल लागेपर्यंत. माझ्यासोबत तिनंही धरावं.

"कोणत्या पोथीत आहे वं हे?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"पोथीत नाही, बाई. पण रांधणारी उपाशी राहिलेली अन्नपूर्णेला आवडत असेल, असं मला वाटत नाही."

त्यांनी समईची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "व्रताले नाई कसं म्हणाव?"

*

दुसऱ्या दिवशी आमचे हे ऑफिसला निघण्याआधी स्वयंपाकघरात आले, तर मी ताट घेऊन बसलेली. दारातच थबकले.

"काहून, बरं नाही का तुले?"

मी म्हटलं, बरी आहे, जेवते आहे. त्यांना काही ते पटलं नाही. कपाळाला हात लावून ताप पाहिला!

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मलाच घास उतरत नव्हता. इतक्या वर्षांत गरम पोळीची सवयच राहिली नव्हती.

*

निकालाच्या दिवशी आम्ही सगळ्या गोदावरीबाईंकडे जमलो. व्रताचं उद्यापन करायचं म्हणून मी नारळ, खण, तांदूळ घेऊन गेले होते. मालती निकाल घेऊन आली आणि उंबऱ्यापाशीच खाली बसली.

"बाकी सगळं सुटलं. गणित राहिलं."

अट सगळ्यांना ठाऊक होती. कोनाड्यात तिची पुस्तकं रचून ठेवलेली होती, तिकडे बघायचंही कोणी टाळलं. नुसतं बसून राहवेना, म्हणून मी पिशवीतून नारळ काढला. व्रत निकालापर्यंतचंच होतं.

गोदावरीबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या, आत गेल्या. ताट वाढून आणलं, मालतीपुढे ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तो नारळ ठेव वं पिशवीत. उद्यापन काहून करून राहिली? गणित बाकी आहे ना तिचं."